सोने आधी सापडले ते गाव लहानच का राहिले? – व्हिक्टोरियातील क्लून्सविषयी काही प्रश्न

मावळतीकर

नमस्कार. गेली सहा वर्षे मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या मेलबर्नमध्ये राहतो. सध्या वाईहून आईवडील आलेले आहेत. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक असल्यामुळे समुद्रकिनारा आणि उंच इमारती पहिल्या आठवड्यातच आटोपल्या आणि "आता इथले एखादे खेडे दाखव" अशी मागणी सुरू झाली. म्हणून मागच्या शनिवारी आम्ही बॅलरॅटला गेलो आणि तिथून उत्तरेला साधारण ३५ किलोमीटरवर असलेल्या क्लून्स या गावी गाडी वळवली.

गावात शिरल्यावर वडील गप्पच झाले. मुख्य रस्ता इतका रुंद की त्यात आमच्या वाईची भाजीमंडई मावावी. दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांवर तोललेली पडवी असलेली जुनी दुकाने, बँकांच्या म्हणून बांधलेल्या भारदस्त इमारती, काळ्या दगडाची चर्चे आणि एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी शोभेल असे नगरभवन. माणसे मात्र दुपारी दोन वाजता रस्त्यावर मोजून पाच. सध्याची लोकसंख्या दोन हजारांच्या आत आहे. व्हिक्टोरियात सोने सापडल्याची पहिली जाहीर वार्ता १८५१ मध्ये याच गावातून गेली, असे तिथे वाचले.

आता वडिलांचे प्रश्न मी इथे मांडतो, कारण मला त्यांची उत्तरे देता आली नाहीत. सोने आधी इथे सापडले, तर एक लाखाहून अधिक वस्तीचे शहर बॅलरॅट कसे झाले आणि क्लून्स खेडे कसे राहिले? खेडेच राहायचे होते, तर एवढ्या इमारती बांधायला पैसा कुठून आला? आणि परतताना गाडीत त्यांनी विचारलेला शेवटचा प्रश्न: "हे गाव मोडले म्हणायचे की टिकले?" जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गारगोटी

मी बॅलरॅटला राहतो आणि व्यवसायाने भूगर्भाशी संबंधित काम करतो, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर लिहू शकेन. उत्तर थोडे लांबेल.

सोने दोन ठिकाणी सापडते, हे आधी लक्षात घ्यावे. एक म्हणजे ओढ्यानाल्यांच्या गाळात सुटे झालेले सोने. हे मिळवायला पाटी, पाणी आणि कंबर यांपलीकडे फारसे भांडवल लागत नाही. आपल्याकडे सोनाराच्या दुकानापुढची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी जे करत, तेच काम मोठ्या प्रमाणावर करायचे. दुसरे म्हणजे गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरांमध्ये अडकलेले सोने. ते अनेकदा डोळ्यांना दिसतही नाही. त्यासाठी खडकात खोल विवर खणावे लागते, गार फोडून वर आणावी लागते, तिचे पीठ करावे लागते आणि मग त्या पिठातून सोने वेगळे काढावे लागते. क्लून्सचे सोने मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचे होते आणि गावाचा पुढचा सगळा इतिहास त्यातून निघालेला आहे.

आता घटनाक्रम. हा मुलूख मूळचा जाजा वुरुंग या आदिवासी लोकांचा. १८३९ च्या सुमारास डोनाल्ड कॅमेरॉन नावाचा स्कॉटिश मेंढपाळ जमीनदार इथे आला आणि त्याने आपल्या मायदेशातल्या ठिकाणावरून जागेला क्लून्स हे नाव दिले. १८५० मध्ये त्याच्या कुरणात विल्यम कॅम्पबेल या दुसऱ्या जमीनदाराला सोन्याचा अंश असलेली गार सापडली. पण बातमी फुटली तर माणसांचे लोंढे येऊन मेंढ्यांचे कुरण तुडवतील, या भीतीने ती दाबून ठेवण्यात आली. मेंढीच्या लोकरीवर ज्याचे सगळे चालते त्याला सोने म्हणजे संकटच वाटणार, हे मला तरी अगदी समजण्यासारखे वाटते.

वर्षभरात परिस्थिती पालटली. १८५१ च्या मे महिन्यात शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये सोन्याची बातमी जाहीर झाली आणि मेलबर्नमधले नोकर, खलाशी, कारकून तिकडे पळू लागले. शहर ओस पडेल म्हणून व्यापाऱ्यांनी समिती नेमली आणि मेलबर्नपासून २०० मैलांच्या आत सोने दाखवणाऱ्यास २०० पौंडांचे बक्षीस लावले. याच काळात डॉ. ब्रून हा जर्मन वैद्य खनिजे शोधत या भागात फिरत होता. कॅमेरॉनच्या कुरणातली गार त्याने पाहिली होती आणि तिच्याविषयी तो जेम्स एस्मंड या आयरिश माणसाशी बोलला. एस्मंड पूर्वी टपालाची घोडागाडी हाकत असे. कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे जाऊन तो नुकताच परतला होता. त्याने क्लून्स गाठले, सोने काढले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात जिलाँगच्या वर्तमानपत्रातून बातमी जगजाहीर झाली. व्हिक्टोरिया ही स्वतंत्र वसाहत १ जुलै १८५१ रोजी अस्तित्वात आली होती. तिच्या पाचवीलाच सोने आले म्हणायचे.

लोक धावत आले, पण गारेवर पहार आपटून त्यांचे हात दुखले. ऑगस्टमध्ये आधी बनिन्याँग आणि मग बॅलरॅट येथे गाळातले सोने सापडताच सगळी गर्दी तिकडे वळली. तिथे नुसत्या फावड्याने श्रीमंत होता येत होते. १८५८ मध्ये बॅलरॅटला जवळजवळ ६९ किलोचा एकच सोन्याचा गोळा मिळाला, यावरून कल्पना यावी. क्लून्सला पहिलेपणाचा मान मिळाला आणि काही आठवड्यांत गाव जवळपास रिकामे झाले.

खरे क्लून्स सुरू झाले ते त्यानंतर, १८५७ मध्ये. 'पोर्ट फिलिप अँड कलोनियल गोल्ड मायनिंग कंपनी' ही लंडनमध्ये नोंदलेली कंपनी, रिव्हेट हेन्री ब्लँड या व्यवस्थापकाच्या हाताखाली, इथे उतरली. तिने खासगी जमिनीच्या मालकांशी मोबदल्याचा करार केला, वाफेची इंजिने आणली आणि गार कुटण्याचा कारखाना उभा केला. आपल्या उखळ-मुसळाची ओळच्या ओळ डोळ्यांपुढे आणा: लोखंडी टाच बसवलेली जड मुसळे, वाफेच्या जोरावर एकामागून एक उचलली जाणारी आणि आपल्याच वजनाने गारेवर आदळणारी. कुटलेले पीठ पाण्याबरोबर वाहते, पारा त्यातले सोने धरून ठेवतो आणि नंतर तो पारा तापवून उडवला की मागे सोने उरते. हा घणाघात रात्रंदिवस चालत असे.

पैशाचे उत्तर इथे आहे. गाळातल्या सोन्यावर तंबूंची वस्ती उभी राहते आणि सोने संपले की पाल उठते. गारेतल्या सोन्यावर मात्र पगारी माणूस काम करतो, त्याला दर आठवड्याला मजुरी मिळते, तो घर बांधतो, मुलांना शाळेत घालतो, चर्चला वर्गणी देतो. क्लून्सची नगरपालिका १८६० मध्ये स्थापन झाली, नगरभवन आणि न्यायालय १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधले गेले आणि भरभराटीच्या दिवसांत वस्ती सहा हजारांच्या घरात गेली होती. तुमच्या वडिलांना दिसलेला काळा दगड म्हणजे बेसाल्टच. इथे त्याला निळा दगड म्हणतात, पण सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटला असेल.

जुनी वही

'गारगोटी' यांनी फार चांगले लिहिले आहे, परंतु त्यांच्या शेवटच्या परिच्छेदावरून क्लून्स हे पगारदार, चर्चला जाणाऱ्या सज्जनांचे शांत गाव होते असा समज व्हायला नको. ऑस्ट्रेलियाच्या कामगार चळवळीच्या इतिहासात या गावाचे नाव एका दंगलीमुळे येते आणि ती दंगल वगळून क्लून्सचा स्वभाव समजत नाही.

१८७३ मध्ये लोथेअर नावाच्या खाणीच्या संचालकांनी शनिवारी दुपारनंतरही काम चालू ठेवण्याचा आग्रह धरला. खाणकामगारांमध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातून आलेले पुष्कळ होते. ही माणसे खडकातल्या खाणकामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची आणि रविवारची सुट्टी पाळण्याच्या बाबतीत कडवी. (कोलारच्या सोन्याच्या खाणीतही पुढे याच कॉर्नवॉलचे लोक आले होते.) आठवडाभर जमिनीखाली राहिलेल्या माणसाला शनिवारची दुपार उन्हात हवी, यात खरे तर धर्माचाही प्रश्न नाही. कामगारांनी संप पुकारला. तो काही आठवड्यांत मिटला नाही, तेव्हा कंपनीने क्रेसविक आणि बॅलरॅट इथल्या चिनी मजुरांना कामावर आणण्याचे ठरवले.

९ डिसेंबर १८७३ रोजी पोलिसांच्या बंदोबस्तात चिनी मजुरांनी भरलेल्या घोडागाड्या क्लून्सकडे निघाल्या. गावाला बातमी आधीच लागली होती. लोकांनी रस्त्यावर अडथळा उभारला आणि गाड्या जवळ येताच दगडविटांचा वर्षाव केला. त्यात स्त्रियाही होत्या. काहींनी दगड पदरात घ्यावेत तसे एप्रनमध्ये भरून आणले होते. पोलीस आणि मजूर बॅलरॅटला परत फिरले, कंपनीने माघार घेतली आणि कामगारांची मागणी मान्य झाली. गावचा नगराध्यक्षच खाणकामगार संघटनेचाही अध्यक्ष होता, त्यामुळे हा केवळ काही टारगटांचा उद्योग नव्हता. सारे गावच रस्त्यावर उतरले होते.

या प्रकरणातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी की लोथेअरच्या संचालकांमध्ये पीटर लेलॉर होता. हे नाव इथल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. १८५४ च्या डिसेंबरमध्ये बॅलरॅटच्या युरेका येथे जाचक परवाना-शुल्काविरुद्ध खाणकरी उठले, तेव्हा त्यांचा पुढारी हाच होता. त्या लढाईत त्याने आपला डावा हात गमावला. 'गारगोटी' यांच्या उत्तरातला एस्मंडही त्याच मोर्च्यात त्याच्या बाजूने उभा होता. त्यानंतर १९ वर्षांनी तोच लेलॉर संप मोडू पाहणाऱ्या कंपनीच्या बाजूला बसला होता. पुढे तो व्हिक्टोरियाच्या विधानसभेचा अध्यक्षही झाला. माणूस बदलला की त्याची जागा बदलली, यावर तुमच्या वडिलांशी वाद घालायला मला आवडेल.

मात्र क्लून्सच्या कामगारांनाही नुसते नायक करून मोकळे होता येत नाही. या लढ्याच्या पाठोपाठ १८७४ मध्ये खाणकामगारांची एकत्रित संघटना उभी राहिली आणि ती पुढे फार बलाढ्य झाली, हे खरे. पण तिचे दरवाजे चिनी कामगारांना बंद होते. ज्यांच्यावर दगड पडले ते चिनी लोक तरी कोण होते? १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने समुद्रमार्गे येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसवला, तो चुकवण्यासाठी शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातील रोब बंदरावर उतरून चारशेहून अधिक किलोमीटर पायी चालत सोन्याच्या मुलखात आलेल्यांची ही मंडळी आणि त्यांचे भाऊबंद. त्यांना क्लून्समध्ये पोटासाठी काम हवे होते. संप मोडणे हा त्यांचा हेतू असण्याचे कारण नव्हते, आणि त्यांच्या बाजूची हकीकत त्या काळात फारशी कोणी लिहून ठेवली नाही. १९०१ मध्ये गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देणारा कायदा झाला, त्याची पाळेमुळे अशाच रस्त्यांवर रुजली होती. आपण मराठी माणसे आज या देशात राहतो, तेव्हा हा भाग वाचताना आपण कोणत्या बाजूच्या गाडीत बसलो असतो, हे मला तरी स्वच्छ दिसते.

मावळतीकर

दोघांचेही मनापासून आभार. उत्तरे वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. 'जुनी वही' यांच्या आव्हानावर त्यांचे उत्तर असे: "जागा बदलली की माणूस बदलतोच, पण हात गमावलेल्याकडून थोडी जास्त अपेक्षा होती." आता राहिलेला प्रश्न हा की खाणी बंद कधी झाल्या आणि त्यानंतरही इमारती पाडल्या कशा गेल्या नाहीत? आमच्याकडे वाडे ज्या वेगाने पडत आहेत ते पाहता वडिलांना हे कोडेच वाटते.

रानवाट

मी गेली नऊ वर्षे या परिसरात ये-जा करते आहे. माझे यजमान क्लून्सपासून जवळच्या एका दवाखान्यात काम करत होते आणि आम्ही दोन वर्षे गावातच भाड्याच्या घरात राहिलो.

खाणी खोल जात राहिल्या, पाणी उपसण्याचा खर्च वाढला आणि टनामागे मिळणारे सोने घटत गेले. १८९० च्या दशकात मोठ्या खाणींनी एकेक करून काम थांबवले. त्याच दशकात व्हिक्टोरियातल्या बँका कोसळल्या आणि दुसरीकडे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात कूलगार्डी आणि कालगूर्ली येथे नवे सोने निघाले, तेव्हा कामाची माणसे तिकडे निघून गेली. उरले ते म्हातारे, दुकानदार आणि भोवतालच्या मेंढ्यांची व धान्याची शेती करणारे. शेतीच्या जोरावर गाव मेले नाही, पण फुगलेही नाही.

इमारती का राहिल्या याचे माझे उत्तर साधे आहे: पाडायलाही पैसा लागतो. बॅलरॅट वाढत राहिले, तिथे जुने पाडून नवे बांधण्याची ऐपत आणि गरज दोन्ही होती. क्लून्समध्ये बँक बंद पडली तर त्या जागी दुसरे काही उभारायला कोणी येत नव्हते. दार लोटले आणि इमारत तशीच राहिली. तुमच्या वाईच्या वाड्यांना जमिनीचा भाव आला म्हणून ते पडत आहेत, काका. इथे शंभर वर्षे भावच आला नाही. त्यामुळे जुन्या काळावरच्या चित्रपटांचे चित्रीकरण करणाऱ्यांना हा रस्ता आयता मिळतो. खांबावरची एखादी पाटी काढली, मोटारी हटवल्या आणि माती पसरली की झाले.

पण नुसत्या इमारतींवर गाव चालत नाही. आम्ही राहत होतो त्या घराच्या मागच्या अंगणात भाजीसाठी वाफे करायला मी एकदा कुदळ मारली, तर हातभर खाली पांढऱ्या गारेचा चुराच चुरा. शेजारच्या आजींनी कुंपणावरून सांगितले की इथे गाजर लावायच्या फंदात पडू नकोस, ही माती नव्हे, खाणीचा उकिरडा आहे. पेट्यांत विकतची माती भर. त्यांनी स्वतःही तसेच केले होते. पूर्वीच्या खाणींच्या पिठात जड धातू असू शकतात, म्हणून अशा जमिनीत भाजी न लावणेच बरे, हे मला नंतर इतरांकडूनही कळले.

याच आजींमुळे मी पुस्तकांच्या उत्सवात ओढले गेले. २००७ मध्ये गावातल्या काही मंडळींनी ठरवले की रिकाम्या पडलेल्या या इमारती एका दिवसापुरत्या पुस्तकांच्या दुकानांसाठी उघडायच्या. बाहेरचे जुन्या पुस्तकांचे व्यापारी आले, चर्चमध्ये, नगरभवनात, जुन्या बँकेत टेबले मांडली गेली, आणि लोटलेली दारे उघडली. ते इतके जमले की तो दरवर्षीचा उत्सव झाला आणि पुढे क्लून्सची 'पुस्तकांचे गाव' म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेतही नोंद झाली. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाने ही वाट आधी घातली होती. त्याच गावाकडे पाहून महाराष्ट्र सरकारने ४ मे २०१७ रोजी भिलार हे पुस्तकांचे गाव सुरू केले. म्हणजे तुम्ही वाईचे, पाचगणीचा घाट चढला की भिलार, आणि इकडे त्याचे चुलत भावंड क्लून्स!

फरक मात्र आहे. भिलारला स्ट्रॉबेरी पिकते, घरे नांदती आहेत, तिथे पुस्तके लोकांच्या ओसरीवर ठेवलेली आहेत आणि ती बसून वाचायची आहेत, विकत घ्यायची नाहीत. क्लून्सला पुस्तके विकली जातात, कारण तिथे हेतू गावात पैसा यावा हाच होता आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. उत्सवाच्या दोन दिवसांत गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट लोक येतात. सोमवारी सकाळी रस्ता पुन्हा तुम्ही पाहिलात तसा. सगळेच यावर खूश आहेत असे नाही. नव्याने येऊन घरे घेणाऱ्यांमुळे भाडी वाढली अशी जुन्या रहिवाशांची तक्रार मी ऐकलेली आहे आणि आमचे भाडेही वाढले होते, त्यामुळे मी ती धुडकावणार नाही.

'मोडले की टिकले' यावर मला एवढेच सांगता येईल की २०११ च्या जानेवारीत ओढ्याला पूर येऊन गावात पाणी शिरले, तेव्हाच्या आठवणी सांगताना आजी कोणाच्या घरातले काय वाहून गेले हे घरागणिक सांगत असत. जिथे अजून असे सांगणारे कोणी आहे ते गाव मी मोडलेले धरत नाही.

गारगोटी

पुन्हा जाणार असाल तर दोन गोष्टी सुचवतो. २०११ पासून क्लून्सच्या स्थानकावर पुन्हा प्रवासी गाडी थांबते. मधली बरीच वर्षे ती बंद होती. बॅलरॅटहून मेरीबरोकडे जाणारी ही गाडी दिवसातून मोजक्याच वेळा असते, म्हणून वेळापत्रक पाहूनच निघा, नाहीतर फलाटावर चार तास बसावे लागेल. दुसरे, गावात जुन्या बाटल्यांचा एक मोठा संग्रह आहे, तो काकांना अवश्य दाखवा. त्यात मानेत काचेची गोटी अडकवलेल्या बाटल्या मी पाहिल्या आहेत. आपला गोटी सोडा! हायरम कॉड या इंग्रज माणसाने ही बाटली १८७० च्या दशकात आणली, म्हणजे लोथेअरचे कामगार शनिवारच्या दुपारसाठी भांडत होते त्याच काळात. खाणीतून वर आलेल्या माणसाने गोटी आत दाबून सोडा प्यायला असेल, हे चित्र मला तिथल्या कुठल्याही फलकापेक्षा जास्त जवळचे वाटते.

आणि हो, सोने शोधायचा मोह झालाच, तर व्हिक्टोरियात सरकारी जमिनीवर हौशी शोधकाला आजही परवाना घ्यावा लागतो. थोडक्या शुल्कात तो दहा वर्षांसाठी मिळतो. युरेकाच्या उठावानंतर, १८५५ मध्ये, दरमहाच्या जाचक शुल्काऐवजी वर्षाला एक पौंडाचा जो परवाना आला, त्याचेच नाव अजून त्याला आहे.

मावळतीकर

'रानवाट' ताई, तुमच्या उत्तरातला भिलारचा उल्लेख वाचल्यावर आईने पहिल्यांदाच या चर्चेत लक्ष घातले; तिची एक मावसबहीण भिलारजवळच राहते आणि तिच्या ओसरीवर पुस्तकांचे कपाट का ठेवले नाही, याची आता फोनवरून चौकशी सुरू आहे. येत्या गुरुवारी आम्ही तिघे रेल्वेने क्लून्सला जाणार आहोत. वडिलांनी दोन कामे काढली आहेत: लोथेअरची जागा नेमकी कुठे होती ते गावात कोणाला तरी विचारायचे, आणि गोटीची बाटली पाहायची. ती विकत मिळेल का, असे त्यांनी आजच दोनदा विचारले.